चिल्ला, सव्वा महिना आणि बेचाळीस दिवस

कोकणी मुसलमानांच्या घरात बाळंतीण चाळीस दिवस 'चिल्ल्यात' असते. शेजारच्या हिंदू वाडीत तिला सव्वा महिना जपतात. आणि गावातल्या आशाताईच्या वहीत बाळाच्या जन्मापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतचे रकाने आखलेले असतात. मालवणच्या किनाऱ्यावर ही तिन्ही पंचांगं एकाच वेळी चालू असतात, आणि पहिल्यांदा आईबाप झालेली पोरं त्यांच्या मधोमध गोंधळून उभी असतात. माझे जुने विद्यार्थी आता बाप होऊ लागलेत, विद्यार्थिनी आया. त्यांचे फोन येतात. "सर, मधाचं बोट लावायचं की नाही? अम्मी म्हणते लाव, नर्स म्हणते लावू नका." मी शिक्षक, डॉक्टर नव्हे. औषधाचा प्रश्न असला तर मी सरळ दवाखान्यात धाडतो. पण 'हे आपल्या धर्मात आहे का' आणि 'हे पूर्वीपासून चालत आलंय का' हे दोन प्रश्न माझ्या वाट्याचे आहेत. ते इतिहासाचे प्रश्न आहेत, म्हणून हा लेख.

सुरुवात शब्दापासून करतो, भाषेच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. 'चिल्ला' हा फारसीतल्या 'चिहिल' म्हणजे चाळीस या शब्दापासून आला. सूफींचा चाळीस दिवसांचा एकांत तो चिल्ला, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस तोही चिल्ला, आणि बाळंतिणीचाही. म्हणजे हा शब्द इराणातून आलेल्या संस्कृतीचा, शरियतचा नव्हे. शरियतचा शब्द 'निफास', बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. त्याची कमाल मुदत हनफी मतात चाळीस दिवस. आणि आपण कोकणी मुसलमान तर शाफई. आपल्या मजहबात कमाल मुदत साठ दिवस, चाळीस ही नेहमीची. किमान मुदत नाहीच. रक्त दहाव्या दिवशी थांबलं तर बाईने गुस्ल करून नमाज सुरू करायची. 'चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही' हे कुठल्याच फिकहच्या किताबात सांगितलेलं नाही. १८३२ साली लंडनमध्ये डॉक्टर हर्कलॉट्स यांनी इंग्रजीत आणलेलं जाफर शरीफ यांचं 'कानून-ए-इस्लाम' नावाचं पुस्तक आहे. त्यात दख्खनच्या मुसलमानांचे रीतिरिवाज जन्मापासून मरणापर्यंत नोंदलेत. त्यात छठी आहे, चिल्ला आहे, अकीका आहे. नावात 'कानून' असलं तरी त्यातलं अर्धंअधिक इथल्या मातीतलं आहे, हे वाचताना लगेच कळतं. पुढे मौलाना अशरफ अली थानवींनी 'बहिश्ती जेवर'मध्ये अशा रिवाजांवर चांगलंच कोरडं ओढलं.

पण रिवाज धर्माचा नाही म्हणून तो टाकाऊ, असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला महिना-सव्वा महिना चुलीपासून, विहिरीपासून, शेतापासून सोडवणारा रिवाज गरीब घरात दुसरा कुठला होता? एरवी लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहणारी बाई या काळात पेज पिऊन बाळाशेजारी पडून राहू शकत होती. 'ती नापाक आहे' असं म्हणून तिला मिळालेली विश्रांती ही विश्रांतीच. कारण चुकीचं होतं, परिणाम चांगला. इतिहासात असं पुष्कळदा होतं.

त्या खोलीत सत्ता असायची ती सुईणीची. मालवणी मुलखात तिला वैजीण म्हणत, आपल्याकडे दाई. अनेक गावांत हिंदू-मुसलमान दोन्ही घरांना एकच बाई. तिला मोबदला म्हणून नारळ, तांदूळ, लुगडं. तिच्या हाताला पिढ्यांचं शहाणपण होतं. अडलेलं बाळ ओळखणं, न रडणाऱ्या बाळाला चोळून जागं करणं, बाईला धीर देणं. पण तिच्या हातात नाळ कापायला काय होतं? विळी, कोयती, बांबूची कामटी, पुढे दाढीचं पातं. आणि नाळेवर लावायला राख, कधी शेण.

इथे जरा थांबावं लागेल. नवजात बाळाचा धनुर्वात हा आजार असा असतो की बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आसपास, त्याचा जबडा आवळतो, ओढता येत नाही, अंग ताठ होतं. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री बाळाचं नशीब लिहायला येते ही समजूत, आणि आपल्याकडची छठीची रात्रभर जागवणूक, यांच्या मागे याच आजाराची भीती असावी, हा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून तो कुणी वापरू नये. पण ज्या आयांनी सुदृढ बाळ सहाव्या-सातव्या दिवशी डोळ्यांदेखत आकसताना पाहिलं, त्यांनी त्या रात्रीला एक नाव आणि एक चेहरा दिला तर त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. सटवाईला हरवलं ते गरोदर बाईच्या दंडावरच्या इंजेक्शनाने आणि नव्या पात्याने. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणं, हे पाच नियम दाईंच्या शिबिरांत घोकून घेतले गेले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. केवढी मोठी बातमी! आपल्या किती घरांत ती पोचली?

या महाराष्ट्रातल्या एका बाळाची गोष्ट सगळ्यांना माहीत असूनही कुणी नीट सांगत नाही. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. शाळेच्या पुस्तकात आपण 'पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक' असं शिकवतो, गोपाळरावांचा हट्ट शिकवतो, बोटीचा प्रवास शिकवतो. ते दहा दिवस एका ओळीत उरकतो. पण त्या दहा दिवसांशिवाय पुढचं काहीच नाही. बाईला बाईच डॉक्टर हवी ही त्यांची मागणी पुस्तकातून आलेली नव्हती. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी न करता. कोल्हापूरचं काम सुरूच झालं नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, आणि किनाऱ्यावरून मुंबईला जाऊ, कारण कोकणचा इतिहास तसाच जातो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालचा. त्याआधी आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यात. या जिल्ह्याचा पुरुष गिरणीत, गोदीत, बोटीवर, आणि बाई गावात. जुन्या जनगणनांमध्ये रत्नागिरीत बायका पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. २०११ मध्येही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत. ज्या बायका मुंबईत नवऱ्यापाशी राहून गिरणीत कामाला जात, त्यांच्यापैकी पुष्कळ जणी बाळंतपणाला गावी येत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून दिवस मोजून आधीच निघायचं. बाळ इथे जन्मायचं, काही आठवड्यांनी आईबरोबर चाळीत जायचं.

म्हणूनच १९२१ साली मुंबईचा बालमृत्यूचा आकडा निघाला तो वाचणाऱ्याला धडकी भरवणारा होता: नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६६ मृत्यू. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर ८२८. हे आकडे फुगलेले होते, कारण जन्माची नोंद रत्नागिरीच्या एखाद्या गावात आणि मृत्यूची नोंद मुंबईत. हजारातला वरचा आकडा मोठा, खालचा लहान. त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. पण दुरुस्ती करूनही जे उरत होतं तेही भयंकरच होतं. आणि त्या फुगवट्यात आपलीच बाळं होती, गावात जन्मलेली आणि मुंबईत गेलेली. सरकारी कोष्टकातली चूक म्हणजे खरं तर कोकणचं चरित्र.

ती बाळं चाळीत का दगावत होती? अंधारी खोली, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, नळाला रांग, हे सगळं होतंच. पण आई गिरणीत गेल्यावर बाळाला कोण सांभाळणार? १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी मुंबईच्या कामगार बायकांच्या बाळंतपणाचा अहवाल दिला. त्यात त्यांनी लिहिलं की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. 'बाळागोळी' या गोड नावाने ती गोळी मिळायची. बाळ झोपायचं, रडायचं नाही, दूधही मागायचं नाही. या गोष्टीवरून त्या आयांना क्रूर ठरवणं सोपं आहे. दहा तास साच्यापुढे उभी राहणाऱ्या बाईला आपण दुसरा कोणता पर्याय दिला होता, हे आधी सांगावं.

तो पर्याय कायद्याने द्यायचा प्रयत्न मुंबईतच झाला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मातृत्वलाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, पण तोवर ज्या मालकाला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्याने तो उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा मुंबई मातृत्वलाभ कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. रोजचे आठ आणे, आणि बाळंतपणानंतरचे चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. आज डॉक्टर 'नवजात' म्हणतात तेही बरोबर पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या बाळाला. चिल्ल्याने गावात जे दिलं होतं त्यातलं काही कायद्याने शहरात द्यायला सुरुवात केली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने ते बारा आठवडे झाले, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस. अर्थात मासळी सुकवणारी, काजूच्या कारखान्यात रोजावर जाणारी, घरी बिड्या वळणारी बाई या सव्वीस आठवड्यांतलं किती पाहते, ते आपल्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा.

मधाच्या बोटाचा प्रश्न राहिलाच.

कुरआनात सूरह बकरामध्ये आईने पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत त्या आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. आपल्या बयानांत पहिला अर्धा भाग पुष्कळदा ऐकू येतो, दुसरा क्वचित. पहिल्या दिवसांच्या दुधाबद्दल मात्र जुन्या हकीम-वैद्यांनी घोळ केला. इब्न सीना हा केवढा मोठा माणूस! त्याच्या 'अल-कानून'मध्ये नाळ चार बोटं सोडून कापा, स्वच्छ लोकरीच्या धाग्याने बांधा, बाळाला कोमट पाण्याने न्हाऊ घाला, आईचंच दूध सर्वांत उत्तम, असं सगळं आहे. पण सुरुवातीला आईचा मिजाज ठिकाणावर येईपर्यंत दुसऱ्या बाईने पाजावं, असंही आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहिता म्हणते की दूध तीन-चार रात्रींनंतर उतरतं, तोवर मध-तूप चाटवा. युनानी आणि आयुर्वेद एरवी वेगवेगळ्या घरांतले, पण आईचा पहिला चीक बाजूला ठेवण्यात दोघांचं एकमत! त्यातूनच मधाचं बोट, गुळाचं पाणी, शेळीच्या दुधाचा बोळा आला.

आपल्या कोकणात गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटतात. वेलची-जायफळ घालून, मिटक्या मारत. चीक पौष्टिक असतो हे कुणी शिकवावं लागत नाही. वासराचा चीक आपण खातो आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा पिळून टाकत होतो. आज डॉक्टर सांगतात की बाळाला पहिल्या तासाच्या आत छातीशी घ्या, तो पिवळसर घट्ट चीक म्हणजे बाळाची पहिली लस, आणि सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षभर नको, कारण त्यात कधीकधी एक जंतू असतो जो लहान आतड्यांत विष तयार करतो आणि बाळ लुळं पडतं.

मग तहनीकचं काय? खजूर चावून मऊ करून बाळाच्या टाळूला लावणं ही सुन्नत आहे, ती मी नाकारत नाही. पण ती बोटाच्या टोकाएवढी गोष्ट आहे, ती बाळाचं जेवण नव्हे. तिच्या नावावर तीन दिवस घुट्टी पाजायची आणि वर 'हे आपल्या दीनमध्ये आहे' म्हणायचं, हे चालणार नाही. हाताची स्वच्छता, तोंडाचे आजार, कमी दिवसांचं बाळ, याबद्दल आधी डॉक्टरशी बोला. बाळाला धोका असेल तिथे सुन्नतसाठी हट्ट धरावा असं कुठलाही समजदार आलिम सांगणार नाही.

दुधाचाच आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या लोकांना खरोखर अडवतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. नवजातशिशु विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. ज्या आयांना दूध जास्त येतं त्यांनी ते द्यायचं, ते एकत्र करून साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचं, जंतूंची तपासणी करून गोठवायचं, आणि ज्या कमी वजनाच्या बाळाच्या आईला दूध नाही, किंवा आईच उरली नाही, त्याला द्यायचं. हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला पावडरचं दूध आतड्याच्या जीवघेण्या आजाराकडे नेऊ शकतं, आईचं दूध, मग ते दुसऱ्या आईचं का असेना, वाचवतं. पुढे देशात ठिकठिकाणी अशा पेढ्या निघाल्या.

मुसलमान बापाला तिथे घाम फुटतो तो रजाअतच्या प्रश्नाने. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं दूधभाऊ-दूधबहीण होतात, त्यांचं लग्न हराम. हलीमा सादियांच्या दुधावर वाढलेल्या पैगंबरांची उम्मत हे नातं हलक्यात घेऊ शकत नाही. मग पन्नास आयांचं मिसळलेलं दूध प्यायलेल्या बाळाचे भाऊ-बहीण कोण? यावर आलिमांत दोन मतं आहेत, आणि दोन्ही छापील आहेत. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मुस्लीम जगात अशा पेढ्या काढण्याला मनाई केली. उलट शेख युसूफ करजावी यांनी त्याआधीच जायज ठरवलं होतं. त्यांच्या मते रजाअत म्हणजे छातीशी घेऊन पाजणं, आणि कुणाचं, किती दूध हे ठरवताच येत नसेल तिथे नातं सिद्ध होत नाही. युरोपच्या फतवा परिषदेनेही २००४ मध्ये गरजेच्या बाळांसाठी मोकळीक दिली. मलेशियात एका विद्यापीठ रुग्णालयाने मधला मार्ग काढला: दूध देणारी आणि पिणारं बाळ यांची एकमेकांना ओळख करून द्यायची, नोंद ठेवायची. त्या केंद्राला नाव दिलंय हलीमा सादियांचं. मला हे फार आवडलं.

आणि आपल्या शाफई मजहबात तर हे नातं लागायला पोटभर पाजण्याच्या पाच वेगवेगळ्या वेळा लागतात. हनफी मतात एक घोटही पुरतो. मिसळलेल्या दुधाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा होतो. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. मात्र काचेच्या पेटीत बाळ असताना नाही म्हणून उठण्याआधी बापाने निदान एक फोन जाणत्या आलिमाला करावा, आणि तो फोन करताना आपण शाफई आहोत हे सांगावं. जीव वाचवण्याचा नियम तर चारही मजहबांत आहे.

बाकी सगळी बाळं काही मुंबईला पोचत नाहीत. आपल्याकडेही जिल्हा रुग्णालय ओरोसला, त्यापुढे गोव्यातलं बांबोळी. देवगडच्या एखाद्या खाडीकाठच्या वाडीतून रात्री दोन वाजता निघायचं म्हटलं तर ते किती लांब आहे हे नकाशावर कळत नाही. या अंतरावरचा उपाय आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सापडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाच्या घरी जायचं, वजन करायचं, ताप-थंडी पाहायची, श्वास मोजायचे, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, आणि जंतुसंसर्गाची खूण दिसली व घरचे दवाखान्यात जायला तयार नसले तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. यावर तेव्हा मोठी टीका झाली. सातवी-आठवी शिकलेली बाई नवजाताला सुई टोचणार? १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते तिथे तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपास तसाच राहिला. मोठी इमारत नाही, यंत्र नाही. बाई, वजनाची झोळी, थर्मामीटर आणि घड्याळ.

माझ्या मते हा दाईचाच पुनर्जन्म आहे, फक्त हात धुतलेल्या दाईचा. शंभर वर्षं आपण तिला 'अडाणी' म्हणून खोलीबाहेर काढत होतो, आणि शेवटी उपाय निघाला तो गावातल्याच बाईला शिकवण्याचा.

२०११ पासून हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्तींकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. बेचाळीस म्हणजे सहा आठवडे, बाईचं शरीर पूर्वस्थितीला यायला वैद्यकाने मानलेली मुदत. चिल्ल्याच्या चाळिसात आणि यात अंतर दोनच दिवसांचं!

या भेटींत आपल्या घरांची अडचण एकच दिसते, दार. "बाळ झोपलंय, चिल्ला संपल्यावर ये." तिसऱ्या दिवसाची भेट चाळीस दिवसांनी देऊन काय उपयोग? धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो. म्हणून नव्या आईबापांना मी एवढंच सांगतो की आशाताई काय पाहते ते शेजारी बसून शिकून घ्या. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध ओढणं बंद होणं, अंग गार पडणं किंवा तापणं, झटका येणं, बेंबीतून पू येणं, तळव्यांपर्यंत पिवळेपणा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. गार पडणाऱ्या लहान बाळाला आईच्या, नाहीतर बापाच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घालायचं. हो, बापाच्याही चालतं. पहिली आंघोळ निदान एक दिवस थांबू शकते. खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळणं चालू ठेवा, त्यात आपल्या आज्या बरोबर होत्या. बंद खोलीतली कोळशाची शेगडी आणि धुरी मात्र बाहेर. इवल्या फुप्फुसांना तो धूर नको. काजळही नको.

बापाबद्दल बोललो तर आपले निम्मे बाप दुबईत, कुवेतला, मस्कतला. आता तर अजानही व्हिडिओ कॉलवरून बाळाच्या कानात जाते. त्यात मला वाईट वाटत नाही. पूर्वी मुंबईच्या चाकरमान्याला बाळाची खबर पत्राने आठ दिवसांनी कळायची, कधी बाळ गेल्यावर. पण मुंब्र्याच्या, मीरा रोडच्या एका खोलीच्या फ्लॅटात आई नाही, सासू नाही, शेजारीण दार लावून बसलेली, अशा ठिकाणी एकटी बाळंतीण रात्री तीन वाजता रडते ते कुणाला ऐकू जातं? चिल्ल्यात तिच्याभोवती चार बायका असायच्या. त्या बायकांची उणीव यूट्यूब भरून काढत नाही. दोन आठवड्यांहून जास्त ती उदास असेल, बाळाकडे पाहवत नाही म्हणत असेल, तर 'नजर लागली' म्हणून दम करून थांबू नका. दम करा, आणि डॉक्टरकडेही न्या.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटचं वजन करते, लसीचं कार्ड पाहते, सही घेते. आणि २०१८ पासून त्यापुढेही तिच्या वहीत रकाने आहेत: तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिने. ती पुन्हा येते.